नाशिक प्रांतांतील वंशशोधाचीं साधनें : खानेसुमारी, मृत्युनोंदी व क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या

१. विषयप्रवेश

नाशिक क्षेत्रीं येणाऱ्या पुष्कळ यात्रेकरूंचा एक अनुभव सारखाच असतो. रामकुंडावर आपलें आडनांव आणि मूळ गांव सांगितलें कीं तेथील क्षेत्रोपाध्याय एक जुनी वही काढतात, आणि ऐकणाराच्या पणजोबाचें नांव, क्वचित् त्याची मोडी सहीदेखील, त्याच्यापुढें ठेवतात. ज्या पुरुषाचें नांव घरांत कोणासही आठवत नव्हतें, त्याचें हस्ताक्षर पाहून मनुष्य गहिंवरतो आणि आपला वंश सांपडला असें समजून घरीं परततो. संशोधकाचा प्रश्न मात्र येथून पुढें सुरू होतो. वहींतील हा पुरुष आपलाच पणजोबा, हें कशावरून? त्याच गांवीं, त्याच आडनांवाचा, त्याच नांवाचा दुसरा कोणी नव्हता काय?

या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही एका कागदांत नसतें. प्रत्येक नोंदवही कोणत्या तरी एका प्रयोजनासाठीं निघालेली असते, आणि त्या प्रयोजनापुरतेंच माणसाला ओळखते. खानेसुमारीस डोकीं मोजावयाचीं होतीं. मृत्युनोंदीस रोगाचा हिशेब हवा होता. क्षेत्रोपाध्यायास यजमानकी राखावयाची होती. महसुली दप्तरास सारा देणारा पाहिजे होता. पूर्वज शोधणें हें यांपैकीं कोणाचेंच काम नव्हतें. म्हणून निरनिराळ्या हेतूंनीं लिहिलेल्या दोन वह्या एकाच माणसाविषयीं एकच गोष्ट सांगूं लागल्या, म्हणजेच तो माणूस सांपडला असें म्हणतां येतें. ही मेळवणी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

हा विषय केवळ कौतुकाचा राहिलेला नाहीं. जमिनीच्या वारसाहक्कास पूर्वजांची नोंद लागतेच. शिवाय जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठीं महाराष्ट्रांत जुना पुरावा मागितला जातो : अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गांस १३ ऑक्टोबर १९६७ या दिवसांच्या पूर्वींचा. दावा सिद्ध करण्याचा भार कायद्यानें दावा करणारावरच ठेविला आहे. तेव्हां आजोबाच्या नांवापुढील एका शब्दावर नातवाचें शिक्षण किंवा चाकरी अवलंबून असावी, असा प्रसंग आज घरोघर येतो.

२. खानेसुमारी काय देते व काय देत नाहीं

नवशिका शोधक प्रथम खानेसुमारीकडे वळतो, आणि त्याची पहिली निराशा तेथेंच होते. मुंबई इलाख्यांत पहिली व्यवस्थित खानेसुमारी २१ फेब्रुवारी १८७२ रोजीं झाली. सर्व देशभर एकाच वेळीं केलेली पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्या सालीं नाशिक जिल्ह्याची वस्ती सुमारें ७,८१,००० भरली. हा आंकडा ज्या पत्रकांवरून सिद्ध झाला तीं घरोघर जाऊन भरलीं होतीं. परंतु बेरजा छापून झाल्यावर तीं पत्रकें जपून ठेवण्याचें प्रयोजन सरकारास उरलें नाहीं, व तीं नष्ट झालीं. राहिले ते तक्ते. त्यांत माणसें आहेत, पण त्यांचीं नांवें नाहींत.

इंग्लंडांतील स्थिति निराळी आहे. तेथील घरवार पत्रकें शंभर वर्षांनीं सर्वांस खुलीं होतात. १९२१ चीं पत्रकें जानेवारी २०२२ मध्यें पाहावयास मिळूं लागलीं. तेथेंही १९३१ चीं पत्रकें मात्र १९४२ सालीं आगींत जळालीं. आपल्याकडे १९४८ च्या खानेसुमारीच्या कायद्यानें घरवार नोंदी पाहण्यास बंदी आहे आणि न्यायालयांत पुरावा म्हणूनही त्या चालत नाहींत. एकच अपवाद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९५१ च्या गणनेबरोबर नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही गांववार तयार करण्यांत आली होती. तींत माणसांचीं नांवें आहेत, आणि ज्या ज्या तहसील कचेरींत ती शिल्लक राहिली आहे तेथें शोधकानें आपल्या कामाचा आरंभ तिच्यापासूनच करावा.

छापील तक्ते तरी निरुपयोगी आहेत काय? नाहीं. १८९१ पेक्षां १९०१ सालीं नाशिक जिल्ह्याची वस्ती घटलेली दिसते. मधल्या दशकांत १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले, आणि १८९६ सालीं मुंबईंत उद्भवलेला प्लेग हळूहळू अंतर्भागांत शिरला. ज्या घराण्याचा माग या दहा वर्षांत तुटतो, त्याच्या शोधकानें वंश बुडाला असें एकदम न धरतां, दुष्काळांत स्थलांतर झालें काय, प्लेगांत घर मोडलें काय, हें पाहावें. तक्ता नांव सांगत नाहीं, पण कोणत्या सालची मृत्युनोंद उघडावी हें सांगतो.

आणखी एक गोष्ट. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला. तत्पूर्वीं त्याचा कांहीं भाग अहमदनगराकडे व कांहीं खानदेशाकडे होता. त्यामुळें सिन्नर वा निफाडकडील जुना कागद नाशिकास नसला तर नगराचें दप्तर, आणि मालेगांव-बागलाणाकडील नसला तर खानदेशाचें दप्तर धुंडाळावें.

३. कोतवाल बुक

खानेसुमारींत जें नाहीं तें पुष्कळ अंशीं गांवच्या जन्ममृत्यूच्या वहींत सांपडतें. महसुली भाषेंत हा गांव नमुना नंबर १४. लोक त्यास कोतवाल बुक म्हणतात. १९६९ चा जन्ममृत्यु नोंदणीचा कायदा अंमलांत येईपर्यंत खेड्यापाड्यांतील नोंद याच वहींत होत असे. शहरांत हें काम नगरपालिकेकडे असे. नाशिकची नगरपालिका १८६४ ची आहे. कांहीं गांवांचीं कोतवाल बुकें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात, कांहींचीं वाळवीनें खाल्लीं. तहसिलीच्या अभिलेख कक्षांत प्रत्यक्ष पाहिल्यावांचून कोणत्याही गांवाविषयीं आशा किंवा निराशा करूं नये.

या वहींतील नोंद कशी होत असे, हें समजल्याशिवाय तिचा विश्वास किती धरावा हें कळत नाहीं. घरांत मृत्यु झाला म्हणजे त्याची वर्दी गांवच्या पहारेकऱ्यानें, म्हणजे वतनदार महारानें किंवा जागल्यानें, पाटलाकडे द्यावयाची. पाटलाच्या नांवानें ती बहुधा कुलकर्ण्यानें मोडींत लिहावयाची. आणि पुढें तालुक्यास कळवावयाची. म्हणजे मरणाराचे घर व वही यांच्यामध्यें दोन तीन तोंडें आणि एक लेखणी होती. यावरून पुढील दोष आपोआप निष्पन्न होतात.

वय अजमासानें लिहिलेलें असतें. ३०, ४०, ५०, ६० असे ठोकळ आंकडे वारंवार दिसतात. चाळीस म्हणजे पस्तिसापासून पंचेचाळिसापर्यंत कांहींही समजावें. रोगाचे रकाने सरकारनें ठरविलेले : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात, व इतर. यांपैकीं ताप या रकान्यांत हवें तें घातलेलें असे. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाचे बळीही पुष्कळसे त्याच रकान्यांत आहेत. साथ शिगेला पोंचली म्हणजे वर्दी देणारा व लिहिणारा हेच आजारी पडत. म्हणून ज्या महिन्यांत मृत्यु अत्यंत झाले त्याच महिन्यांत नोंदींत खंड पडण्याचा संभव अधिक. नोंद नाहीं म्हणून मृत्यु नाहीं, असा निष्कर्ष येथें काढतां येत नाहीं.

सर्वांत मोठी उणीव स्त्रिया व मुलें यांच्याविषयीं. जन्मनोंदींत बाळास अद्याप नांवच नसतें. ‘मुलगा’ अथवा ‘मुलगी’ एवढेंच लिहून पुढें बापाचें नांव येतें. स्त्रीचा मृत्यु असला तर कित्येकदां अमक्याची बायको किंवा तमक्याची आई इतकीच तिची ओळख. तिचें माहेर कोणतें, हें कोतवाल बुकास ठाऊक नसतें.

आणि तरीही या वहीचें एक श्रेष्ठत्व आहे. ती गांवांतील सर्व जातींची आहे. दुसऱ्या कोणत्याही जुन्या वंशसाधनाविषयीं असें म्हणतां येत नाहीं, हें पुढील प्रकरणावरून दिसेल.

४. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. यजमान अस्थिविसर्जनास, श्राद्धास किंवा सिंहस्थाच्या पर्वणीस आला म्हणजे त्याचें नांव, बापाचें व आजाचें नांव, भाऊ, मुलगे, चुलते, मूळ गांव व हल्लींचें गांव, आणि येण्याचें निमित्त हीं मितीसह लिहून घेत. शेवटीं यजमानाची सही. पुढील पिढी आली कीं जुना लेख दाखवावयाचा आणि त्याखालीं नवा वाढवावयाचा. यजमानकी ही मिळकत होती. तीवर दोन उपाध्यायांत तंटा उपस्थित झाला तर यजमानाच्या पूर्वजाची सही हाच पुरावा. या व्यावहारिक गरजेमुळेंच वह्या इतक्या काळजीनें राखल्या गेल्या. ज्या गोष्टींत लिहिणाराचा स्वार्थ होता, त्या म्हणजे घराणें, गांव व भाऊबंद, बिनचूक राहण्याचा संभव जास्त. ज्यांत स्वार्थ नव्हता, जसें वय किंवा मृत्यूची मिति, त्या बहुधा लिहिल्याच जात नसत. कोतवाल बुकाच्या अगदीं उलट स्थिति येथें आहे, आणि म्हणूनच हीं दोन साधनें एकमेकांस पूरक होतात.

सिंहस्थ बारा वर्षांनीं येतो. त्या पर्वांत यात्रा मोठी, तशा नोंदीही पुष्कळ. म्हणून शोधकानें आपल्या घराण्याच्या अदमासे काळांतील सिंहस्थाचें वर्ष प्रथम पाहावें. वह्या मात्र उपाध्यायांच्या वांटण्यांत विभागल्या जातात. एकाच गांवचे दोन भाऊबंद दोन घरच्या वह्यांत सांपडूं शकतात. तसेंच जीर्ण झालेल्या वहीची नक्कल करून नवी वही केलेली असते. नकलेंत एखादी पिढी गळणें किंवा दोन सारख्या नांवांची एक होणें अशक्य नाहीं. म्हणून पाहत असलेलें पान मूळ आहे कीं नक्कल, हें शाई, कागद व हस्ताक्षर यांवरून आधीं ठरवावें. ओळीनें चार पिढ्या एकाच हातानें व एकाच शाईनें लिहिलेल्या असल्या, तर ती नक्कल किंवा ऐकीव माहिती समजावी.

स्त्रियांची नांवें येथेंही थोडींच. श्राद्धाच्या संकल्पांत बाप, आजा, पणजा यांजबरोबर आई, आजी, पणजी, आणि मातामहाकडील पिढ्या यांचाही उच्चार होतो. म्हणजे तोंडीं बारा नांवें आलीं तरी वहींत त्यांपैकीं तीन चारच उतरत. बोललेलें विरून गेलें.

याहून मोठी एक रिकामी जागा आहे. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं २ मार्च १९३० रोजीं नाशिकास सत्याग्रह सुरू झाला. ज्यांस रामाचें दर्शन व रामकुंडाचें स्नान नाकारलें होतें, त्यांच्या पूर्वजांची नामावळी त्या कुंडाच्या उपाध्यायाकडे कोठून असणार? गांवांतील प्रत्येक मृत्यूची वर्दी पाटलाच्या दारीं नेणारा जो महार, त्याच्याच घराण्यास क्षेत्राच्या वहींत जागा नव्हती. त्याच्या वंशजांनीं कोतवाल बुकावर, महार वतनाच्या कागदांवर, शाळेच्या पटावर व पलटणींच्या दप्तरावर विसंबावें. वतनाचे कागद १९५८ च्या कनिष्ठ गांववतनें रद्द करण्याच्या कायद्यापर्यंत येतात, व त्यांत वारसांचीं नांवें क्रमानें मिळण्याचा संभव असतो. ख्रिस्ती घराण्यांस बाप्तिस्म्याचीं व दफनाचीं पुस्तकें आहेत. नाशिकजवळील शरणपूरच्या मिशनांत तर गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें वाढलीं, आणि त्यांतील जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनचें शव किनाऱ्याकडे नेणाऱ्यांत होता. अशा मनुष्याचा वंश शोधणारास नाशिकच्या अलीकडचें सर्व सांपडेल. पलीकडील गांव व बाप यांचीं नांवें कोणीही विचारून लिहून ठेविलीं नव्हतीं, तर तीं आतां मिळावयाचीं नाहींत.

५. वारसाची नोंद

दोहोंमधील सांधा पुष्कळदां जमिनीच्या दप्तरांत मिळतो. खातेदार मयत झाला कीं त्याच्या वारसांची नोंद गांव नमुना ६-क मध्यें व तिजवरून फेरफारांत होते. येथें मृत्यु आणि मुलगे हे एकत्र येतात. ‘अ. पा. क.’ हीं अक्षरें दिसलीं तर वारस अज्ञान असून पालन करणारा दुसरा होता असें समजावें; ‘ए. कु. मॅ.’ असेल तर एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थापकाचें एकट्याचें नांव लागलें आहे, आणि त्याचे भाऊ कागदावर दिसत नसले तरी ते होते. ज्यांस जमीनच नव्हती त्यांस हें साधन नाहीं, हेंही विसरूं नये.

६. लिपि, नांवें व कालगणना

मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत व शब्द तोडून लिहीत नाहींत. त्यामुळें नांव वाचतांना घाई करूं नये. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ यांपुढें नवऱ्याचें नांव येतें. पाटील, कुलकर्णी, देशमुख हीं अधिकाराचीं नांवें. तीं जुळलीं म्हणजे कूळ जुळलें असें नव्हे. गांवावरून पडलेलें आडनांव गांव सोडल्यावरच लागतें. म्हणून मूळ गांवच्या वहींत तें शोधणें व्यर्थ होय. आडनांव, गांव, आणि गोत्र किंवा देवक हीं तिन्ही मिळून पाहावींत.

शकाच्या वर्षांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. परंतु पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या मितीस ७९ मिळवावे लागतात. दक्षिणेंतील फसली सनांत ५९० मिळवावे, व तें वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतें हें ध्यानांत ठेवावें. सुहूर सन आरबी संख्याशब्दांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. त्यांत ५९९ मिळवितां १७६०-६१, म्हणजे पानिपताचें वर्ष. काशीप्रयागाकडील नोंदीशीं मेळ घालतांना तिकडील महिना पौर्णिमान्त व आपला अमान्त, यामुळें वद्य पक्षांतील मितीस महिन्याच्या नांवांत फरक पडतो.

७. मेळवणीची रीति

एक कल्पित उदाहरण घेऊं. सिन्नर तालुक्यांतील एका घरीं एवढेंच ठाऊक आहे कीं पणजोबा गणू हे मोठ्या तापाच्या सालीं वारले. मोठा ताप म्हणजे १९१८ चा इन्फ्ल्युएंझा असावा असें धरून शके १८४० च्या आश्विन-कार्तिकाचें कोतवाल बुक उघडलें. त्यांत ‘गणू बिन तुका, वय ४०, ताप’ आणि ‘गणू बिन राणू, वय ३५, ताप’ अशा दोन नोंदी एकाच महिन्यांत मिळाल्या. येथें आवडेल तो निवडणें हा वंशशोधांतील सर्वांत सामान्य प्रमाद होय. पुढें वारसाच्या नोंदींत तुकाच्या गणूचे वारस म्हणून ज्या दोन मुलांचीं नांवें आलीं, त्यांतील एक घरच्या आठवणींतील आजोबाचें आहे. शेवटीं १९२० च्या सुमाराच्या सिंहस्थांतील उपाध्यायाच्या वहींत तोच मुलगा बापाचें नांव गणू व आजाचें नांव तुका असें लिहून सही करतो. तीन वह्या, तीन हेतु, तीन लिहिणारे. आणि एकच माणूस. आतां पणजोबा सिद्ध झाला. तुकाचा बाप मात्र फक्त वहींतच आहे. तेव्हां त्यास वंशावळींत तुटक रेघेनें दाखवावें.

मनुष्य एके ठिकाणीं राहत नाहीं, हेंही विसरूं नये. चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. शिक्षण मुंबईस व बडोद्यास. गोध्र्यास व्यवसाय करीत असतां १९०० च्या प्लेगाच्या काळांत त्यांची पहिली पत्नी व मूल वारलें. आणि ते स्वतः १९४४ सालीं नाशिकास निवर्तले. केवळ त्र्यंबक व नाशिक येथील दप्तर पाहणारास तें पहिलें कुटुंब मुळींच दिसणार नाहीं. त्यांच्या द्वितीय पत्नी माहेरच्या करंदीकर. विवाहानंतर त्यांचें नांव सरस्वतीबाई झालें. प्रसिद्ध पुरुषाच्या घरीं हीं नांवें चरित्रकारांमुळें टिकलीं; सामान्य घरांत लग्नाच्या दिवशीं बदललेलें नांव दोन पिढ्यांत पुसलें जातें.

यावरून नियम निघतात ते असे. (अ) जें निश्चित आहे तेथून एकेक पायरी मागें जावें. एखाद्या प्रसिद्ध पुरुषापासून खालीं येऊं नये. (आ) प्रत्येक पिढीस दोन स्वतंत्र साक्षी असाव्यात. छापील कुलवृत्तान्त उपाध्यायाच्या वहीवरूनच रचला असेल, तर ते दोन मिळून एकच साक्ष होय. (इ) सारख्या नांवाचा दुसरा मनुष्य नाहीं, हें त्याच वहींत पाहून ठरवावें. (ई) विरुद्ध जाणारी नोंद टाकून देऊं नये. तीही वंशावळीखालीं लिहावी. (उ) एक ओळ उतरून न घेतां सबंध पान, मथळा व मागचें पुढचें पान यांसह उतरून घ्यावें. मागाहून निराळ्या शाईनें घुसडलेला शब्द सबंध पान पाहिल्यानेंच उघडकीस येतो. पडताळणीच्या दिवसांत अशा शब्दाचा मोह पुष्कळांस होतो. पण एक खोटी नोंद त्याच पानावरील खऱ्या नोंदींसही संशयित करते, आणि तिचा दंड ज्यांनीं कांहींच केलें नाहीं त्या शेजाऱ्यांच्या नातवंडांस भरावा लागतो.

८. उपसंहार

वंशशोध हा मोठेपणा मिळविण्याचा उद्योग आहे, असा समज आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. नाशिकच्या या साधनांवरून निराळेंच दिसतें. त्यांत राजे क्वचित् भेटतात. भेटतात तीं तापानें गेलेलीं चाळिशीचीं माणसें, नांव ठेवण्यापूर्वींच गेलेलीं मुलें, आणि केवळ नवऱ्याच्या नांवानें नोंदलेल्या बायका. त्यांची संगति लावणें हेंही इतिहासाचेंच काम आहे.

हें काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं. मोडी वाचणारे थोडे आहेत, कोतवाल बुकांचे कोपरे दरसाल झडत आहेत, आणि उपाध्यायांच्या पुढील पिढ्या इतर व्यवसायांत शिरल्या आहेत. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. तेव्हां वह्या पुन्हा उघडल्या जावयाच्या. ज्या वाचकांस रामकुंडावर जाण्याचा योग येईल, त्यांनीं आपल्या पूर्वजांची सही पाहून समाधान मानूं नये. उपाध्यायांच्या अनुमतीनें तें पान पूर्ण उतरून घ्यावें. आणि स्वतःची नोंद लिहवितांना आईचें, पत्नीचें व मुलींचें नांव त्यांच्या माहेरच्या किंवा सासरच्या गांवासह अवश्य लिहवावें. शंभर वर्षांनंतरच्या शोधकास आपल्याकडून एवढें साहाय्य सहज होण्यासारखें आहे.